घरातला लॅपटॉप: शोभेची वस्तू नव्हे, कामाचे औजार

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून एकच विचारणा सुरू होते. लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? पूर्वी ही विचारणा फक्त विद्यार्थ्यांची असे. आता यंत्रमागवाला विचारतो, लग्नपत्रिका छापणारा विचारतो, जरीकाम करणारा विचारतो, किराणा दुकानदारही विचारतो. घरात यंत्र एकच येणार असते. मुलामुलींचा अभ्यास, दुकानाचा हिशेब, मालाचे फोटो, नक्षीचे डिझाइन आणि सणासुदीची जाहिरात ही सगळी कामे त्याच एका यंत्रावर व्हायची असतात.

या प्रश्नाला बाजारात जे उत्तर मिळते ते मात्र क्वचितच उपयोगाचे असते. विक्रेता पडून असलेला माल पुढे करतो, नातलग स्वतः घेतलेल्या यंत्राचे नाव सांगतो आणि जाहिरात तर प्रत्येकच यंत्राला सर्वोत्तम ठरवते. परिणामी एका हंगामाची बचत खर्च होते आणि घरात असे यंत्र येते, की जे दुसऱ्या वर्षी रखडू लागते व चौथ्या वर्षी कपाटात जाऊन बसते. आमचे स्पष्ट मत असे, की लॅपटॉप ही शोभेची वस्तू नव्हे. ते औजार आहे. आणि औजार कसे निवडावे हे आपल्या कारागीर बांधवांना कोणी शिकवण्याची गरज नाही. शिलाई मशीन घेताना आपण तिचा रंग पाहत नाही, तिचा टाका पाहतो. तीच नजर येथे लावायची आहे.

प्रश्न केवळ यंत्राचा नाही

उर्दू मजकूर हाताने लिहिणारे कातिब हे आपल्या छपाई व्यवसायाचे एकेकाळचे आधारस्तंभ होते. १९८१ साली लाहोरच्या 'जंग' दैनिकाने नूरी नस्तालीक हे संगणकावरचे अक्षर वापरून अंक काढला. १९९४ मध्ये भारतात 'इनपेज' हे उर्दूचे सॉफ्टवेअर आले आणि कातिबांची रोजी संगणकाकडे वळली. अक्षराचे वळण, ओळीची बैठक, कागदावर कोठे किती जागा सोडावी, हे सारे ज्ञान कातिबाकडे होते. यंत्र मात्र दुसऱ्याकडे होते. ज्या कातिबांनी यंत्र हाती घेतले त्यांचा हुन्नर कामास आला. बाकीच्यांचा हुन्नर हातातच राहिला आणि काम निघून गेले.

आज तीच वेळ नक्षीकाम करणाऱ्यांवर आलेली आहे. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी शोभतो, काठाची वेल कोठे वळवावी, हे कारागिराला ठाऊक असते. परंतु ती नक्षी संगणकावर उतरवून देणारा दुसराच असतो. प्रत्येक डिझाइनचे पैसे त्याला द्यावे लागतात, किरकोळ बदलासाठी त्याच्या दारात बसावे लागते, आणि शेवटी मूळ फाइल त्याच्याकडेच राहते. पत्रिका छापणाऱ्याचे आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी चालवणाऱ्याचे दुखणेही हेच आहे. म्हणून घरात योग्य लॅपटॉप येणे म्हणजे आपल्या हुन्नराची मालकी आपल्या घरात येणे होय, असे आम्ही मानतो.

संगणक आणि माग यांचे नाते तसे जुने आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार्ड याने भोके पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणण्याची युक्ती मागाला जोडली. तिलाच आपण 'जकार्ड' म्हणतो. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी त्याच पत्त्यांची कल्पना उचलली. ज्याच्या मागावर जकार्ड चढलेले आहे, त्याने संगणकाला परका मानण्याचे काही कारण नाही.

आधी कामाची यादी

खरेदीला निघण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि पुढील पाच वर्षांत या यंत्रावर कोणकोणती कामे होणार ते लिहून काढावे. घरातील सर्वांना विचारून लिहावे. साधारणतः चार प्रकारची कामे निघतील. पहिले, हिशेब, जीएसटी, बिले आणि पत्रव्यवहार. दुसरे, अभ्यास आणि ऑनलाइन वर्ग. तिसरे, डिझाइन, म्हणजे कोरलड्रॉ, फोटोशॉप, पत्रिका, पॅकिंगचे लेबल, कापडाची नक्षी, मालाचे फोटो. चौथे, व्हिडिओ कापणे-जोडणे.

पहिली दोन कामे हलकी आहेत. ती कोणतेही बरे यंत्र करते. तिसरे काम मध्यम आहे. चौथे काम जड आहे, पण दोन-तीन मिनिटांच्या जाहिरातीसाठी फार मोठे यंत्र लागत नाही. यादीत पहिली दोनच कामे असतील तर पैसे वाचवावेत. तिसरे काम असेल तर स्क्रीन आणि रॅम यांवर पैसे घालावेत. चौथे काम रोजचे असेल तरच ग्राफिक्स कार्डाचा विचार करावा. ज्याच्याजवळ ही यादी नाही, त्याला विक्रेता आपली यादी देतो, हे ध्यानात ठेवावे.

विंडोज की दुसरे काही?

अॅपलचे मॅकबुक हे उत्तम बांधणीचे आणि चांगल्या स्क्रीनचे यंत्र आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आपल्या व्यवसायातील बरीचशी सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. टॅली विंडोजवर चालते, इनपेज विंडोजवर चालते, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करण्याची बहुतेक सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. क्रोमबुक नावाचे स्वस्त लॅपटॉप मिळतात. ते अभ्यासाला आणि इंटरनेटला ठीक आहेत, पण वरील सॉफ्टवेअर त्यांवर चढत नाहीत. म्हणून व्यापारी आणि कारागीर यांच्या घरी विंडोजचा लॅपटॉप हीच सोयीची निवड होय. मात्र किमतीत विंडोजचा अधिकृत परवाना धरलेला आहे की नाही, हे आधी विचारावे. काही यंत्रे विंडोजशिवाय विकली जातात आणि म्हणूनच ती स्वस्त दिसतात.

रॅम आणि डिस्क

रॅम म्हणजे कारागिराचा ठेपा, ज्यावर तो काम पसरून बसतो. ठेपा लहान असेल तर उस्तादही अडखळतो. आज ८ जीबी रॅम हिशेबाला व अभ्यासाला पुरते, डिझाइनच्या कामाला अपुरी पडते. फोटोशॉप बनवणारी अडोबी कंपनी स्वतःच किमान ८ जीबी सांगते आणि शिफारस १६ जीबीची करते. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' हा नवा वर्ग आणला, त्यालाही कमीत कमी १६ जीबीची अट घातली. तेव्हा पाच वर्षे चालवायचे यंत्र १६ जीबीचेच घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

२०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे मेमरी चिपचे भाव जगभर चढले. त्यामुळे १६ जीबी बजेटात बसत नसेल तर निदान असे यंत्र घ्यावे, ज्यात पुढे रॅम वाढवता येते. येथेच फसगत होते. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवर कायमची डकवलेली असते, ती वाढवता येत नाही. विक्रेत्याला सरळ विचारावे, रॅमचा रिकामा स्लॉट आहे का? तोंडी उत्तरावर न राहता कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. शक्य असेल तर रॅम एकाच पट्टीत न घेता दोन पट्ट्यांत घ्यावी. ज्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते तो चित्रांच्या कामासाठी हीच रॅम वापरतो, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दुहेरी वाट मिळते.

डिस्कच्या बाबतीत फिरत्या हार्ड डिस्कचा जमाना संपला आहे. एसएसडी हवी, आणि ती 'एनव्हीएमई' प्रकारची असावी. सर्वांत स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची ६४ किंवा १२८ जीबीची साठवण असते. ती मंद असते आणि विंडोजच्या दोन-चार अपडेटमध्येच भरून जाते. तिच्यापासून दूर राहावे. ५१२ जीबीची एसएसडी घरच्या कामाला पुरेशी आहे. जुने फोटो आणि डिझाइन वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवून ठेवावेत. कष्टाने केलेले डिझाइन एकाच जागी ठेवणे म्हणजे सारी रोकड एकाच खिशात ठेवणे होय.

स्टिकर वाचायला शिका

प्रोसेसरच्या नावात जेवढा गोंधळ आहे तेवढा दुसऱ्या कशात नाही. 'आय फाइव्ह आहे' एवढ्यावर गिऱ्हाईक खूश होते. परंतु आय फाइव्ह हे नाव अनेक वर्षे चालले, आणि दहा वर्षांपूर्वीचा आय फाइव्ह हा अलीकडच्या साध्या आय थ्रीपेक्षाही मागे पडतो. पुढचे अंक पाहावेत. आय ५-१३३५यू या नावात १३ हा अंक पिढी सांगतो आणि शेवटचे 'यू' अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर असल्याचे सांगते. 'एच' असेल तर तो अधिक ताकदीचा, अधिक तापणारा व बॅटरी लवकर संपवणारा. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या लॅपटॉपवर 'आय' हे अक्षर सोडून 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावे सुरू केली. म्हणून दोन्ही तऱ्हेची नावे बाजारात दिसतात.

एएमडीच्या रायझनमध्ये तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ७००० मालिकेत रचनेचे वय तिसरा अंक सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे कानाला सारखीच वाटतात. पण पहिल्यात २०१९ मधली जुनी 'झेन २' रचना आणि ४ कोअर आहेत, तर दुसऱ्यात त्यापुढची 'झेन ३' रचना आणि ६ कोअर आहेत. दोन्ही डब्यांवर 'रायझन ५' असेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. एका अंकात दोन कोअरचा फरक पडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

इंटेलच्या 'एन' मालिकेचे, जसे एन १००, किंवा जुन्या सेलेरॉनचे लॅपटॉप फक्त हिशेब आणि अभ्यासासाठी समजावेत. डिझाइनसाठी बाराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आय फाइव्ह, नव्या नावातला कोअर ५, अथवा रायझन ५ चा ७५३०यू किंवा त्याहून नवा प्रोसेसर पुरेसा आहे. त्याहून वरच्या प्रोसेसरचे जादा पैसे स्क्रीन आणि रॅमकडे वळवावेत. 'एआय'चे स्टिकर लागले म्हणून जादा पैसे मोजू नयेत. आपल्या यादीतल्या कोणत्या कामाला त्याचा उपयोग आहे, असे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ते पैसे आपल्याच खिशात राहू द्यावेत.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू: स्क्रीन

आमच्या मते कारागिराने सर्वाधिक लक्ष द्यावे ते स्क्रीनकडे, आणि दुकानात सर्वांत कमी बोलले जाते ते याच विषयावर. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते. याचा अर्थ असा, की ती स्क्रीन रंगांचा बराच मोठा भाग दाखवूच शकत नाही. गर्द लाल फिका दिसतो, मोरपंखी आणि हिरव्यातला फरक पुसट होतो. कापड, जरी, पत्रिका यांचे काम करणाऱ्याला असे यंत्र म्हणजे रंगांधळा नोकर. त्याऐवजी '१०० टक्के एसआरजीबी' असे लिहिलेली स्क्रीन पाहावी. ती आयपीएस किंवा ओलेड प्रकारची असावी, टीएन प्रकारची नसावी. उजेड किमान ३०० निट असावा आणि रेझोल्यूशन १९२० बाय १०८० पेक्षा कमी नसावे.

हे आकडे नको असतील तर एक सोपी परीक्षा सांगतो. आपण विणलेला, रंगवलेला किंवा भरतकाम केलेला एक कापडाचा तुकडा घ्यावा. त्याचा दिवसाच्या उजेडात चांगला फोटो काढावा आणि तो पेन ड्राइव्हवर घ्यावा. दुकानात जाऊन तो फोटो दोन-तीन लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडावा आणि मूळ कापड हाती धरून ताडून पाहावे. फोटोतच थोडा फरक असणार, पण सर्व यंत्रांवर तोच फोटो असल्याने कोणती स्क्रीन कापडाच्या अधिक जवळ जाते ते कळते. मग बाजूने, वरून, खालून पाहावे. कोन बदलताच रंग उलटत असेल तर ती स्क्रीन आपल्या कामाची नाही. दुकानातला पिवळा उजेड डोळ्यांना चकवतो, म्हणून शक्य तर यंत्र दरवाजाजवळ आणायला सांगावे. आपण गिऱ्हाईक आहोत, संकोच करू नये. आणि छपाईवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की स्क्रीन कितीही चांगली असली तरी ती प्रकाशाचे रंग दाखवते, कागदावर उतरतात ते शाईचे. मोठ्या कामापूर्वी एक नमुना प्रत काढून पाहणे चुकवू नये.

गेमिंगच्या नावाखाली

घरातील तरुणांचा आग्रह बहुधा गेमिंग लॅपटॉपचा असतो, आणि कारण मात्र 'डिझाइन'चे दिले जाते. त्यात थोडे तथ्य आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असले की त्रिमितीय चित्रे आणि मोठे व्हिडिओ यांचे काम जलद होते. परंतु कोरलड्रॉ, पत्रिका, लेबल, मालाचे फोटो यांना त्याची गरज नाही. गेमिंगचे यंत्र वजनाने जड असते, त्याचा चार्जर मोठा असतो, पंखा आवाज करतो आणि बॅटरी लवकर संपते. त्यातही स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कार्डावर खर्च करून स्क्रीन हलकी बसवलेली असू शकते. म्हणजे डिझाइनच्या नावाने घेतले आणि डिझाइनलाच निरुपयोगी ठरले, असे होते. ज्याच्या घरी रोज व्हिडिओचे काम होते आणि त्यातून मिळकत येते, त्याने ग्राफिक्स कार्ड जरूर घ्यावे.

येथे मालेगावची आठवण ठेवावी. तेथील शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला, आणि त्या शहरातील हौशी चित्रपटकारांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये आला. यंत्रमागांच्या त्या गावात मोठा स्टुडिओ नव्हता, महागडी यंत्रे नव्हती. यंत्र तुटपुंजे असले म्हणून कल्पकता अडत नाही. तिला हवे असते ते कामापुरते यंत्र आणि चिकाटी.

बॅटरी, बांधणी आणि सर्व्हिस

वीज जाण्याचा त्रास ज्या गावांत आहे तेथे बॅटरीकडे लक्ष द्यावे. 'दहा तास चालते' या दाव्यापेक्षा बॅटरीवर लिहिलेले वॉट-तास पाहावेत. ४० च्या आसपास असेल तर साधारण, ५० ते ६० असेल तर चांगली. कीबोर्डवर दुकानातच चार ओळी टाइप करून पाहाव्यात. हिशेब लिहिणाऱ्याला उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी असलेला कीबोर्ड सोयीचा पडतो. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, माउस यांसाठी यूएसबीची पुरेशी तोंडे आहेत का ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे की नाही. मुंबई-पुण्यात आहे म्हणून भागत नाही. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र नेऊन द्यावे लागते, हेही विचारावे. हंगामाच्या दिवसांत आठ दिवस यंत्र बंद राहिले तर त्याचा तोटा किमतीतल्या हजार-दोन हजारांच्या सवलतीपेक्षा मोठा असतो.

वापरलेला घ्यावा का?

जरूर घ्यावा, पण पारखून. मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी निघणारे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या वर्गातले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळतात. त्यांची बांधणी मजबूत असते, कीबोर्ड चांगला असतो, आणि अनेकांत रॅम व डिस्क बदलता येते. त्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या हलक्या यंत्रापेक्षा ते पुष्कळदा सरस ठरतात.

मात्र एक रेषा ओलांडू नये. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, काही अपवाद सोडता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप आता बाजारात फार स्वस्तात येत आहेत, आणि भोळे गिऱ्हाईक त्यांवर झडप घालते. ज्या यंत्रावर बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार होणार ते सुरक्षा अपडेटशिवाय वापरणे म्हणजे दुकानाला कुलूप न लावता घरी जाणे होय. आठव्या पिढीच्या खाली काही घेऊ नये. दहावी किंवा त्यापुढची मिळाली तर उत्तम. विक्रेत्याकडून बिल आणि काही महिन्यांची लेखी हमी घ्यावी. बॅटरी थकलेली असणार हे गृहीत धरून नव्या बॅटरीचा खर्च आधीच किमतीत मिळवावा.

बिल, हप्ता आणि व्याज

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५९,००० रुपयांच्या यंत्रात ५०,००० किंमत आणि ९,००० कर असतो. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे आणि जे नियमित पद्धतीने कर भरतात, त्यांनी आपला जीएसटी क्रमांक टाकून बिल घ्यावे. यंत्र धंद्यासाठी जेवढे वापरले जाते त्या प्रमाणात हा कर वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सोय नाही. आपल्या कर सल्लागाराला खरेदीपूर्वी विचारावे, नंतर नव्हे. बिलावाचून मिळणारी 'सवलत' ही बहुतेकदा सवलत नसतेच. वॉरंटी आणि कराची वळती दोन्ही तीत बुडतात.

आता हप्त्यांविषयी. दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी लावलेली असते आणि व्याज नाही असे सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वात नसते. प्रत्यक्षात बँक व्याज लावते, आणि विक्रेता किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवते. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क गिऱ्हाईकालाच भरावे लागते. जे वाचक व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतात त्यांनी पाटीवर न जाता कराराचा कागद वाचावा; त्यात व्याजाचा रकाना असतो. बाकीच्यांनीही रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी शेजारी मांडून पाहावी.

आपल्या बाजारपेठांत भिशीची पद्धत चालत आलेली आहे. विश्वासातल्या दहा-बारा जणांनी मिळून वर्षभराची भिशी केली तर प्रत्येकाच्या घरी व्याजाविना यंत्र येऊ शकते. घाई नसेल तर सहा महिने बाजूला टाकून रोखीने घेणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग.

चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल

दुकानदार 'सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो' असे म्हणतो तेव्हा ती बहुधा कुलूप तोडलेली असतात. यात दुसऱ्याच्या कष्टाचा मोबदला बुडतो. आपल्या नक्षीची कोणी नक्कल केली तर आपल्याला जे वाटते, तेच त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही वाटत असणार. शिवाय अशा सॉफ्टवेअरमधून व्हायरस येतात, आणि कधी सर्व फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरसही येतो.

फुकट आणि कायदेशीर पर्याय आज भरपूर आहेत. रेषांच्या चित्रांसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिंप, हाताने काढायच्या चित्रांसाठी क्रिटा, पत्रव्यवहारासाठी लिब्रेऑफिस. व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, पण तिला जड यंत्र लागते. ज्याला गिऱ्हाईकाकडून कोरलड्रॉच्याच फाइली येतात त्याने परवाना विकत घ्यावा आणि तो धंद्याचा खर्च धरावा. ज्यांचा हात कागद-पेन्सिलीवर बसलेला आहे त्यांनी सोबत एक साधी पेन टॅब्लेट घ्यावी. माउसने वेल काढणे आणि पेनने वेल काढणे यांत किती अंतर आहे, ते नक्षीकाराला पहिल्याच दिवशी कळते.

यंत्र कोणाच्या हाती?

शेवटचा मुद्दा माहितीपत्रकात सापडणार नाही. अनेक घरांत लॅपटॉप येतो आणि तो थोरल्या मुलाच्या खोलीत जातो. त्याचा पासवर्ड त्यालाच माहीत. घरात बसून जरीचे, आरीचे, भरतकामाचे काम करणाऱ्या बहिणी आणि मुली मात्र आपले डिझाइन मोबाइलच्या लहान स्क्रीनवर पाहत राहतात. वस्तुतः ज्या हातांत नक्षी आहे त्या हातांत यंत्र आधी गेले पाहिजे. विंडोजवर प्रत्येकासाठी वेगळे खाते करता येते. हिशेबाचे वेगळे, अभ्यासाचे वेगळे, डिझाइनचे वेगळे. यंत्र बैठकीच्या खोलीत, सर्वांना वापरता येईल अशा टेबलावर असावे आणि वेळा ठरवून घ्याव्यात. यामुळे मुलांच्या वापरावर नजर राहते हा आणखी एक फायदा.

'मोबाइल आहे ना, मग लॅपटॉप कशाला?' असे काही बांधव म्हणतात. फोटो काढणे, गिऱ्हाईकाशी बोलणे, पैसे घेणे यांसाठी मोबाइल पुरेसा आहे, हे आम्हालाही मान्य आहे. ज्याचे काम तेवढ्यावर भागते त्याने उगाच खर्च करू नये. परंतु छापखान्याला द्यायची फाइल, मशीनवर चढवायचे पंचिंग, वर्षाचा हिशेब ही कामे मोबाइलवर नीट होत नाहीत. ती झाली नाहीत की दुसऱ्याच्या दारात जावे लागते. दर महिन्याला बाहेरच्या डिझायनरला आणि टायपिंगवाल्याला किती रुपये जातात, ते एकदा लिहून काढावे. वर्षभराची बेरीज लॅपटॉपच्या किमतीशी ताडून पाहावी. निर्णय त्या बेरजेवर करावा, शेजाऱ्याच्या यंत्राकडे पाहून नव्हे.

आमचा सल्ला थोडक्यात असा. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, रंग खरे दाखवणारी स्क्रीन, मधल्या दर्जाचा अलीकडचा प्रोसेसर, जिल्ह्यात सर्व्हिस आणि पक्के बिल. या सहा गोष्टी जुळल्या तर नाव कोणत्याही कंपनीचे असो, यंत्र पाच-सहा वर्षे साथ देईल. सहाही जुळत नसतील तर प्रोसेसरवर तडजोड करावी; स्क्रीन आणि बिलावर करू नये.

कातिबांच्या पिढीला विचार करायला वेळ मिळाला नाही. आपल्याला मिळतो आहे. नक्षी आपली आहे, तिची फाइलही आपल्याच घरात असली पाहिजे.